माल्कमच्या प्रवेशाला कात्री नको

महोदय,

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा प्रयोग आटोपशीर करायचा तर चौथ्या अंकातला इंग्लंडमधला प्रवेश गाळावा, असे आपल्या पुरवणीतील लेखात सुचवले आहे. हा प्रवेश नाटकात सर्वांत लांब आहे, हे खरेच. पण तो काढला की एका जोडप्याच्या सत्तालोभाची रक्तरंजित कथा तेवढी उरते. त्या लोभापायी होरपळणारे स्कॉटलंड दिसतच नाही.

मॅकबेथने गादीसाठी स्कॉटलंडचा राजा डंकन याचा खून केल्यावर डंकनचा मुलगा माल्कम इंग्लंडच्या राजाच्या आश्रयाला आला आहे. कुठेतरी एकांतात बसून मन मोकळे होईतो रडू, हे त्याचे इथले पहिले बोलणे. मायभूमी जोखडाखाली पिचते आहे, तिच्या अंगावर रोज नवा घाव पडतो आहे, हेही तो पुढे म्हणतो. तरी मॅकबेथविरुद्ध साथ मागायला आलेल्या, शेजारी उभ्या मॅकडफ या स्कॉटिश सरदारावर त्याचा भरवसा नाही! बायकामुलांना तसेच टाकून तू आलास कसा, असे तो विचारतो. आपल्या काळजात चर्र होते, कारण त्यांची कत्तल आपण आधीच्याच प्रवेशात पाहिलेली असते आणि मॅकडफला तिचा पत्ता नसतो. मग त्याला जोखण्यासाठी माल्कम स्वतःलाच कामांध, धनलोभी आणि राजाचा एकही गुण नसलेला म्हणवतो. पहिले दोन दुर्गुण मॅकडफ चक्क चालवून घेतो. तिसऱ्याला मात्र त्याचा बांध फुटतो. ही परीक्षा नाटकाला आधार असलेल्या होलिनशेडच्या इतिहासग्रंथातही आहे, पण तिच्यातली वेदना शेक्सपिअरची. मॅकबेथने हेर धाडून माल्कमला इतके पोळले आहे की देशासाठी रडणाऱ्या माणसाचे अश्रूही त्याला आधी तपासावे लागतात. नुसत्या विलापापेक्षा मला हे अधिक भेदक वाटते.

(इतिहासातला मॅकबेथ 1040 ते 1057 अशी सतरा वर्षे गादीवर होता आणि 1050मध्ये रोमची यात्राही करून आला. नाटकातल्या जुलमाचे माप त्याच्या पदरात घालू नये.)

पुढे रॉस हा दुसरा स्कॉटिश सरदार येतो. देशाला आता आई म्हणवत नाही, ती आपली कबर झाली आहे, असे सांगून तो मॅकडफला घरची बातमी देतो. पुरुषासारखा झुंज, असे माल्कम म्हणतो. झुंजेनच, पण पुरुषासारखे मला सोसायलाही हवे, असे मॅकडफचे उत्तर. हे गाळायचे?

वेळच वाचवायचा असेल तर तिसऱ्या अंकातला हेकटी या चेटकिणींच्या देवतेचा प्रवेश काढावा. तो मुळात शेक्सपिअरचा नाहीच, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे.

– एक नाट्यप्रेमी वाचक