दत्तक कुत्र्याचे पहिले तीन महिने

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली आणि ते पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारीही अर्जदारावरच टाकली. त्या आदेशावर पुष्कळ लिहिले गेले, परंतु बहुतेक चर्चा कुत्री हटवावीत की राहू द्यावीत याभोवतीच फिरत राहिली. घरात आणलेले कुत्रे गुरगुरू लागले, दार ओरबाडू लागले, तर ही जबाबदारी पार पाडायची कशी, याविषयी फारसे कोणी बोलले नाही. आमच्या घरचा अनुभव त्यासाठीच कळवत आहे.

आम्ही दोघे पती-पत्नी निवृत्त असून पुण्यात कोथरूडला राहतो. एका दत्तक शिबिरातून आम्ही सुमारे दोन वर्षांची देशी कुत्री आणली व तिचे नाव सावळी ठेवले. ‘अगदी शांत आहे, काही त्रास देणार नाही’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले होते. पहिले दहा-बारा दिवस ती खरोखरच शांत होती. कॉटखाली बसून राही, रात्री सामसूम झाल्यावर खाई आणि कोणी हात लावला तर अंग चोरून निमूटपणे लावू देई. तो तिचा गुणीपणा आहे अशी आमची समजूत झाली, पण ती भीतीने गोठून गेली होती. जीभ वारंवार ओठांवरून फिरवणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहणे ही कुत्र्याच्या अस्वस्थतेची लक्षणे असतात, हे त्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात ती थोडी सैलावली आणि मग अडचणी दिसू लागल्या. यजमानांनी केरसुणी हातात घेतली की ती भुंके, लिफ्टसमोर चारही पाय रोवून उभी राही, आम्ही दोघे बाहेर पडलो की दार खरवडत रडे आणि जेवणाच्या भांड्याजवळ कोणी गेले की गुरगुरे. सोसायटीत तक्रार झाली. घाबरून आम्ही एका प्रशिक्षकाला बोलावले. तिच्यापुढचे भांडे मध्येच उचलून घ्या आणि गुरगुरली तर वर्तमानपत्राची सुरळी करून मारा, म्हणजे मालक कोण ते तिला कळेल, असा सल्ला त्यांनी दिला. आम्ही तो पाळला, याचे मला आजही वाईट वाटते. दोन दिवसांत गुरगुरणे थांबले आणि तिसऱ्या दिवशी तिने काही इशारा न देता थेट यजमानांचा हात धरला. गुरगुरणे म्हणजे ‘मला भीती वाटते आहे, जवळ येऊ नका’ असे सांगणे असते. आम्ही मारून तिचे ते सांगणेच बंद केले होते. जखम पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रेबीजच्या लसीचे सर्व डोस वेळेवर घेतले.

त्यानंतर पशुवैद्यकांनी तिची नीट तपासणी केली, तेव्हा मागच्या पायाला पूर्वी कधीतरी बसलेला मार आणि एका कानातला जुना संसर्ग लक्षात आला. म्हणजे ती दुखणे अंगावर काढत होती. स्वभाव अचानक बिघडलेला वाटला तर आधी पशुवैद्यकांकडे जावे, हे प्रत्येक पालकाला सांगितले गेले पाहिजे. औषधांबरोबर आम्ही वागण्याची रीतही बदलली. भांड्याला हात लावणे पूर्ण बंद केले. ती जेवत असताना लांबूनच जाता जाता उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा टाकायचा आणि पुढे निघून जायचे. महिनाभरात आम्ही जवळून गेलो तरी ती मान वर करून शेपूट हलवू लागली, कारण माणूस जवळ येणे म्हणजे काही हिरावले जाणे नव्हे हे तिला पटले. एकटे राहण्याची सवय दहा सेकंदांपासून सुरू केली. दाराबाहेर जाऊन ती रडण्याआधीच परत यायचे आणि वेळ हळूहळू वाढवायची. लिफ्ट तीन आठवडे सोडून दिली व जिन्याने ये-जा केली. घाबरलेले कुत्रे मागे सरकून गळ्यातला पट्टा सहज सोडवून घेते, म्हणून अंगात घालायचा हार्नेस आणि पट्टा असे दोन्ही वापरले.

प्राण्यांसाठी काम करणारे कार्यकर्ते ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा एक ढोबळ हिशेब सांगतात: बावरलेपण ओसरायला तीन दिवस, घरचा दिनक्रम कळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने. सावळीला पाच महिने लागले. हा हिशेब आम्हाला आधी कोणी सांगितला असता, तर सुरळीची वेळच आली नसती.

शिबिरे भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, कुत्र्याच्या भीती आणि खोडी लपवू नयेत व पुढचे तीन महिने फोनवर उपलब्ध राहावे. दिवाळीच्या तोंडावर, फटाके वाजू लागल्यावर, भेदरट कुत्रे कोणाला देऊ नये. घरात लहान मूल असेल आणि कुत्रे पुन्हा पुन्हा अंगावर येत असेल, तर ते परत करणाऱ्या कुटुंबाला दोष देऊ नये. मात्र ते जिथून घेतले तिथेच परत गेले पाहिजे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. महापालिकाही आता दत्तक देणार असतील, तर लसीकरण व नसबंदीच्या नोंदींसोबत या तीन महिन्यांची माहिती देणारे मराठी पत्रक प्रत्येक अर्जदाराच्या हाती द्यावे. आपल्या वृत्तपत्राने स्थानिक पशुवैद्यकांकडून असे पत्रक लिहून घेऊन छापले, तर ते शिबिरांत वाटण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे