विद्यार्थी भवनासाठी दिलेला वाडा विद्यार्थ्यांनाच द्या : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

नागपूरच्या महाल भागातील आमचा वडिलोपार्जित वाडा माझ्या वडिलांनी बक्षीसपत्र करून एका विद्यापीठाला विद्यार्थी भवनासाठी दिला. वास्तूचे मूळ स्वरूप कायम ठेवावे आणि तिचा उपयोग केवळ विद्यार्थ्यांसाठी व्हावा, एवढ्या दोनच अटी त्यात आहेत आणि त्या मान्य असल्याचे विद्यापीठाने लेखी कळवले होते. गेल्या आठवड्यात याच वाड्याच्या चौकातले सागवानी खांब करवतीने कापून टेम्पोत भरून नेण्यात आले. ते कोणाच्या आदेशाने कापले आणि कुठे गेले, हे सांगायला कोणी तयार नाही, म्हणून आपल्याला जाहीरपणे लिहीत आहे.

जुन्या घरात शिक्षणसंस्था नांदणे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात 1821 साली पाठशाळा सुरू झाली आणि पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीतले मुंबईच्या गव्हर्नरांचे जुने निवासस्थान आहे. घर वापरात राहिले तरच टिकते. बंद घराला वाळवी लागते, कवेलू सरकतात आणि पावसाचे पाणी लाकडात मुरते, हे वडिलांना पक्के ठाऊक होते. आजूबाजूचे वाडे पाडून त्या जागी अपार्टमेंट उभी राहत असताना त्यांनी बिल्डरांना परत पाठवले, ते गोंदिया, भंडारा, वर्ध्याहून शिकायला येणाऱ्या मुलामुलींना बसायला, वाचायला हक्काची जागा मिळावी म्हणून.

आज तिथे एकही विद्यार्थी बसत नाही. खालच्या मजल्यावर परीक्षा विभागाचे जुने गठ्ठे रचलेले आहेत. ज्या चौकातून उन्हाळ्यातली गरम हवा वर निघून जात असे, तो पत्र्याने झाकला आणि मग आत उकडते म्हणून वातानुकूलन यंत्रांसाठी जाड भिंतींना भोके पाडली. चुन्यात बांधलेल्या विटांवर सिमेंटचा गिलावा चढवला. चुना भिंतीतला ओलावा बाहेर पडू देतो, सिमेंट तो आत कोंडते, आणि मग विटांतले क्षार फुगून गिलाव्यासकट वीटच भुसभुशीत होते. ओसरीच्या भिंतीवर मी हात ठेवला तेव्हा पांढऱ्या खाराचा पापुद्रा आणि त्यामागचा विटेचा लाल भुगा हातात आला. निविदेच्या कागदांत चुन्याचा उल्लेखसुद्धा नाही. वाड्याचे नाव वारसा यादीत नसल्यामुळे कोणाच्या परवानगीची गरज नाही, असे तिथला अभियंता मला तोंडावर सांगतो.

मी सत्तरी ओलांडली आहे. ज्या घरात माझा जन्म झाला, त्याच्या दाराशी सुरक्षारक्षकाने माझ्याकडे ओळखपत्र मागितले आणि साहेबांची परवानगी नाही म्हणून मला रस्त्यावर उभे ठेवले. माझी आई ज्या खोलीत गेली, तिथे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छताला टेकले आहेत. तिच्या देवघराच्या कोनाड्यातून वायरींचा जुडगा बाहेर लोंबतो. अटी मोडल्यास दान परत घेता येईल, असे कलम मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार बक्षीसपत्रात घालता आले असते. वकिलांनी तसे सुचवलेही होते, पण विद्येच्या संस्थेवर असा अविश्वास दाखवणे वडिलांना पटले नाही. वाडा बिल्डरला दिला असता तर निदान प्रत्येकाच्या वाट्याला फ्लॅट आला असता, असे आज माझी भावंडे मला ऐकवतात आणि मी मान खाली घालून ऐकून घेतो.

महोदय, हा केवळ आमच्या घराचा प्रश्न नाही. ज्या भिडे वाड्यात 1848 साली मुलींची शाळा सुरू झाली, त्या वाड्याची इतकी वर्षे आबाळ झाली की अखेर 2023च्या डिसेंबरात तो पाडावा लागला. स्मारकाची घोषणा करायला मात्र प्रत्येक सरकार पुढे होते. 1953च्या नागपूर करारात या भागाला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी देण्याचे वचन होते. त्यातले आज आम्हाला डोळ्यांनी दिसते ते दरवर्षीचे अधिवेशन आणि त्यासाठी रंगवली जाणारी मंत्र्यांची निवासस्थाने. पाहुण्यांच्या बंगल्यांना दर हिवाळ्यात रंग मिळतो आणि मुलांसाठी दिलेल्या घराला सर्वांत कमी दराचा ठेकेदार मिळतो, ज्याने आयुष्यात चुना कालवलेला नाही. लेखी शब्द मोडणाऱ्या अधिकाऱ्याला या व्यवस्थेत कोणी जाब विचारत नाही, त्याची बदली होते आणि नवा अधिकारी फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतो. सामान्य माणसाने यापुढे सार्वजनिक संस्थेला काही द्यावे तरी का?

माझी मागणी स्पष्ट आहे. वाड्यातले काम आजच्या आज थांबवा. कापलेले खांब कुठे आहेत याचा पंचनामा करून ते परत आणा आणि ज्यांनी ते विकले असतील त्यांच्यावर गुन्हा नोंदवा. जुन्या वास्तूंच्या जतनाचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाकडून पाहणी करून घ्या, सिमेंटचा गिलावा उतरवा आणि चौक मोकळा करा. गठ्ठे दुसरीकडे हलवून येत्या जूनपासून, म्हणजे नवे सत्र सुरू होताना, मुलांसाठी अभ्यासिका उघडा. बक्षीसपत्राची प्रत या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे. त्यातल्या अटी शासनाला मान्य आहेत की नाहीत, हे मला आपल्या सहीने लेखी कळवावे.

आपला,
महाल, नागपूर येथील एक ज्येष्ठ नागरिक