आजोबांचा उजवा हात

चि. सोन्यास, अनेक आशीर्वाद.

गणपतीत तू आजोबांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवलास आणि ते केवढ्यांदा ओरडले! परवा फोनवर तू म्हणालास, ‘त्यांना मी नकोसा झालोय.’ ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

त्यांना स्ट्रोक आला तो डाव्या थॅलॅमसमध्ये. मेंदूच्या मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक, जेमतेम 3 सेंटिमीटर लांबीचा अंडाकृती भाग. पाहिलेलं, ऐकलेलं, कातडीला जाणवलेलं सगळं आधी इथे येतं आणि मग मेंदूच्या वरच्या थरात आपापल्या जागी जातं. डॉक्टर म्हणाले, पोस्ट ऑफिस समजा. मला ते अर्धंच पटलं. पोस्टमन पत्रं नुसती पोचवतो. इथे काय पुढे सोडायचं, काय दाबायचं याचे निरोप वरूनही येत असतात. नजरेच्या ठाण्यात तर डोळ्यांपेक्षा वरून येणाऱ्या जोडण्याच जास्त.

वास तेवढा वेगळा. त्याला वर जायला थॅलॅमसची परवानगी लागत नाही. (आजी हिंग जास्त टाकते ही तक्रार शाबूत आहे, ती उगाच नव्हे.)

डावा थॅलॅमस बिघडला की भोगतं उजवं अंग. आधी हात बधिर होता. आम्हाला वाटलं, एवढ्यावर निभावलं. दोन महिन्यांनी आग सुरू झाली. चादर घासली तरी निखारा ठेवल्यासारखं, गार पाणी लागलं तरी तेच. सगळ्यांनाच असं होत नाही, पण हे जुनं दुखणं आहे; पॅरिसच्या देजेरिन आणि रूसी या डॉक्टरांनी 1906 मध्येच ते नोंदवलंय. हाताला ना जखम, ना सूज. म्हणूनच आपल्या घरातही ‘नाटक करतात’ असं कुणीतरी बोलून गेलं. तो कुणीतरी मीच, बाबा.

साध्या वेदनाशामक गोळ्यांनी काही होत नाही. फिट्स आणि नैराश्यावरची औषधं देतात. चिठ्ठी वाचून आजोबा डॉक्टरांवर उखडले, “मला वेड लागलंय का?” आता घेतात. आग गेलेली नाही, पण रात्रीची चार-पाच तास झोप लागते.

दिवाळीला येशील तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला बस. नरकचतुर्दशीला तेल तूच लाव, ते वाट बघतायत. डाव्या हाताला, पाठीला डावीकडेच. उजवीकडे ते स्वतः सांगतील तरच.

तुझा,
बाबा