दुसरी-तिसरीच्या लेकरांना एकाच विषयावरचे दोन उतारे द्या : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री साहेब, नमस्कार.

मी पैठण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर दुसरी-तिसरीला शिकवतो. २०२१ ला निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान आलं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे असं ठरलं, आणि त्यामुळं वाचनाकडं सगळ्यांचं लक्ष गेलं हे खरंच चांगलं झालं. पण समजून वाचलं का नाही हे आपण बघतो कसं, तर एक उतारा, खाली चार प्रश्न. लेकरू प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकतं, ती ओळ जशीच्या तशी उतरवतं अन् पैकीच्या पैकी मार्क घेतं. त्याला काय समजलं ते त्याला पण माहीत नसतं अन् मला पण.

माझं मागणं एवढंच आहे की एकाच विषयावरचे दोन छोटे माहितीचे उतारे लेकरांपुढं ठेवा आणि दोन्ही मिळून प्रश्न विचारा.

टिटवी घ्या, आमच्याकडं माळावर कुठंही दिसते. एका उताऱ्यात लिहिलेलं असतं की टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच अंडी घालते, अंड्यांवर काळपट ठिपके असतात. दुसऱ्यात असतं की टिटवीचे पाय लांब अन् पिवळे, कुणी जवळ आलं की ती जोरजोरात ओरडते, पंख मोडल्यासारखं करून त्याला दुसरीकडं घेऊन जाते. पहिल्यांदा लेकरं म्हणतात सर ह्यात चित्र आहे त्यात नाही, म्हणू द्या, सुरुवात तिथूनच होते. मग फरशीवर खडूनं दोन गोल काढायचे, एका उताऱ्याचा एक, एकमेकांत घुसलेले, मधल्या भागात दोन्हीतलं सारखं, अन् एकेक माहिती चिठ्ठीवर लिहून कुठली कुठं जाईल ते त्यांनाच ठरवू द्यायचं, भांडू द्यायचं. भांडता भांडता कुणीतरी म्हणतं की सर ठिपक्यामुळं अंडी खड्यात दिसत नाहीत आणि ओरडून ती माणसाला लांब नेती म्हणजे दोन्ही अंडी वाचवायलाच की! हे वाक्य दोन्ही उताऱ्यांत कुठंच नसतं साहेब. ते त्या लेकराचं स्वतःचं असतं, अन् मी समजून वाचणं ह्यालाच म्हणतो.

शिवाय एखादं लेकरू घरून ऐकून आलेलं असतं की टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त. ते खोडायचं नाही, पण त्यासाठी बाजूला तिसरा गोल काढायचा, लोक काय म्हणतात त्याचा. कोण सांगतंय आणि कशावरून, हा प्रश्न सातव्या-आठव्या वर्षी पडायला लागतो तो असा.

काहीजण म्हणतात आधी एक उतारा तर धड वाचू द्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावं, तुलना तोंडी पण होते. फक्त दोन्ही उतारे एकाच दिवशी देऊ नयेत, गोंधळ होतो. अमेरिकेत २०१० ला कॉमन कोअर म्हणून इयत्तावार निकष निघाले त्यात हे बालवाडीपासून आहे, तिथं मोठ्यांच्या मदतीनं दोन उताऱ्यांतलं सारखं काय वेगळं काय ते सांगायचं, आणि दुसरीत दोन्हीतले महत्त्वाचे मुद्दे स्वतः ताडून बघायचे. आमची लेकरं काही कमी नाहीत.

आणि मराठवाड्याला तर ह्याची गरज फार आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, आमच्या उशाला, तरी जायकवाडीत पाणी किती मावतं विचारलं तर एका पेपरात १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) असतं, दुसऱ्यात ७६, आणि पारावर मोठी माणसं कोण खोटं लिहितंय म्हणून तावातावानं बोलतात. दोन्ही बरोबर आहेत, एक एकूण साठा, दुसरा जिवंत साठा, मधला २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळातलं, दारातून आपोआप बाहेर न येणारं पाणी. बातमीतले टक्के जिवंत साठ्याचे असतात, म्हणून शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं असं नसतं, २०१९ च्या उन्हाळ्यात मृतसाठ्यातूनच पाणी उचललं गेलं. दोन बातम्या शेजारी ठेवून वाचायची सवय आम्हाला कुणी लावलीच नाही, आणि पाण्याचं भांडण तर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

ह्यासाठी नवीन पुस्तक छापायची गरज नाही. बालभारतीनं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यावार वेगळं काढलेलं आहे. गोदावरी आमच्या जिल्ह्यातून जाते, तशी जालना, बीड, परभणी, नांदेडातून पण जाते, मग शेजारच्या जिल्ह्याच्या पुस्तकातलं एक पान द्या, झाला दुसरा उतारा तयार. शाळेला पुस्तकं पाठवताना एकाच पुस्तकाच्या ढीगभर प्रती नकोत, साप म्हटलं की सापावरची दोन वेगळी पुस्तकं येऊ द्या. आणि हात जोडून सांगतो, त्यासाठी अजून एक लिंक, अजून एक ऑनलाईन प्रशिक्षण, फोटो अपलोड करा, हे नको.

त्यापेक्षा चाचणीत घाला, कारण चाचणीत जे येतं तेच वर्गात शिकवलं जातं हे तुम्हालाही माहीत आहे. पहिल्या सत्राच्या संकलित चाचणीत तिसरीला दोन उताऱ्यांवरचा एक प्रश्न आला, तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर बऱ्याच वर्गांत दुसरा उतारा दिसायला लागेल.

आपला,
जिल्हा परिषद शाळेतला एक शिक्षक, ता. पैठण