एव्हरेट कालचे नव्हेत

महोदय,
‘जेम्स’ या कादंबरीला २०२५चे पुलित्झर मिळाल्यापासून अमेरिकी कादंबरीकार पर्सिव्हल एव्हरेट जणू कालपरवा उगवले, अशा थाटात त्यांच्यावर लिहिले जाते. त्यांची पहिली कादंबरी आली १९८३ साली! पुढे वीसहून अधिक पुस्तके. त्यातली बरीचशी मिनेसोटातल्या ग्रेवुल्फ या छोट्या, ना-नफा प्रकाशनाने काढली. कृष्णवर्णीय लेखकाने अमुकच लिहावे, या अपेक्षेची २००१च्या ‘इरेजर’मध्ये त्यांनी मनसोक्त टर उडवली. त्यावरच्या चित्रपटाने दोन दशकांनी नाव घरोघरी नेले, तो भाग वेगळा.

‘जेम्स’मध्ये मार्क ट्वेनच्या कादंबरीतल्या हकलबरी फिनचा सोबती, गुलाम जिम, स्वतः गोष्ट सांगतो. गोऱ्यांपुढे मुद्दाम मोडकेतोडके बोलतो, आपल्या माणसांत अस्खलित. त्याला लिहायला पेन्सिलीचा तुकडा हवा असतो. तो चोरून आणून देणाऱ्या गुलामाचा त्यापायी जीव जातो. त्या बोटभर तुकड्यापाशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

हे पुस्तक मी मित्राकडून मागून आणले होते. आमच्या वाचनालयात एव्हरेट यांचे एकही नाही. मागणीच्या वहीत दोनदा लिहून आलो आहे.

– एक वाचक, सातारा