पहिले तीन तास

संपादक महोदय,

रविवारच्या अंकातला अपघातानंतरच्या उपचारांवरचा लेख वाचला, आवडला, पण त्यात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाचं नावसुद्धा नाही हे फार खटकलं. या औषधाच्या २०१० च्या क्रॅश-२ चाचणीत ४० देशांतले २० हजारांवर जखमी होते, औषध न मिळालेल्यांपैकी १६ टक्के दगावले, मिळालेल्यांपैकी १४.५, आणि औषध म्हणाल तर जुनं, स्वस्त. खरी मेख पुढेच आहे, पहिल्या ३ तासांत दिलं तर फायदा, नंतर दिलं तर रक्तस्रावाने जीव जायचा धोका उलट वाढलेला दिसला. मग हॉस्पिटल गाठेपर्यंत थांबायचं कशाला? ॲम्ब्युलन्समध्येच ते हवं आणि ते देणारा माणूस ट्रेनिंग घेतलेला हवा (महागड्या मशीनचं नंतर बघू). यावर स्वतंत्र लेख द्याच.

– एक नियमित वाचक