गुडघा बरा आहे

श्टुटगार्ट, ६ एप्रिल

तीर्थरूप माय आणि आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा बरा आहे. छोटी पत्र वाचायला बसली की माय आधी हेच विचारणार, म्हणून वरच लिहिलं. ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी टाके निघाले. ताप नाही, पोटरी दुखत नाही. कुबड्या आहेत, पण त्या गुडघ्याच्या सांध्यातली जी गादी शिवली तिच्यावर भार नको म्हणून. लंगडा झालेलो नाही.

बर्फाचं मात्र फोनवर काही मायला पटवता आलं नाही. आप्पांचा पाय मळ्यात मुरगळला होता, आठव. तू लगेच मिठाची गरम पुरचुंडी फिरवलीस आणि सकाळी चप्पल चढेना. ताज्या दुखण्यात शेकाने रक्त आणखी धावून येतं, सूज वाढते. गारव्याने शिरा आकसतात, ठणका उतरतो. म्हणून पहिले दिवस बर्फाचीच पिशवी, १५-२० मिनिटं, मध्ये फडकं घालून, मग तासभर तरी थांबायचं. ड्रेसिंग कोरडंच राहिलं पाहिजे. फडकं मी एकदाच विसरलो, पहिल्या रात्री. पाय इंजेक्शनने बधिर, काही कळलंच नाही. सकाळी रुपयाएवढा लाल चट्टा. (छोटे, हे वाचून दाखवू नको.)

आता इथली गंमत ऐका. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात, सत्तरीच्या. टाके निघाले तरी सूज दिसते म्हणून एक डबा घेऊन वर आल्या. आत ‘क्वार्क’. म्हणजे आपला श्रीखंडाचा चक्काच, जरा कमी आंबट. मी चमचा आणला. त्यांनी तो बाजूला ठेवला, सुती फडकं पसरलं, त्यावर फ्रीजमधला गार चक्का बोटभर जाड ओतला, भाकरी थापावी तसा हाताने सारखा केला, घडी घातली आणि गुडघ्याभोवती गुंडाळली! टाक्यांची जागा पट्टीखाली झाकलेली होती, काळजी नको. अर्धा किलो चक्का, माय. मी मनात वेलची कुटत होतो. कोमट झाला की काढून थेट कचऱ्यात. बाळंतिणीचं दूध साकळलं तरी इथे हेच बांधतात म्हणे. त्यात औषध किती ते त्यांनाच ठाऊक, ओला गारवा मात्र झकास टिकतो.

आणि शेक इथेही आहे. चेरीच्या बिया भरलेली उशी ओव्हनमध्ये तापवतात. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी आता मांडीच्या आखडलेल्या स्नायूवर ती ठेवायला सांगितली आहे. गुडघ्यावर सूज आहे तोवर नाही. म्हणजे तुझंही बरोबरच, फक्त तुला घाई फार. रुईचं पान इथे मिळत नाही, विचारू नको.

“तठे तुनाजोडे कोन शे?” असं तू विचारलंस तेव्हा मी रेंज गेली म्हणालो. रेंज होती. रात्री पिशवी बदलायला मीच उठायचो. कुबड्यांवर फ्रीजरपर्यंत सात पावलं. तेवढाच व्यायाम. ऑपरेशन झाल्यावर चार दिवसांनी कळवलं, त्याचा राग धरू नका. आधी सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? रात्रभर जागला असतात.

खर्चाचं म्हणाल तर दवाखान्याच्या तीन दिवसांचे माझे फक्त ३० युरो गेले, बाकी विम्यातून. पगार सहा आठवडे पूर्ण मिळतो, त्यापुढे विम्याचे ७० टक्के, म्हणून पुढे महिना-दोन महिने थोडे कमी पाठवीन. आप्पा, ठिबकच्या नळ्यांचे टाकले आहेत, आत्ताच घ्या, उधारी करू नका. आखाजीला येणं होत नाही. इतका वेळ विमानात बसायची डॉक्टर परवानगी देत नाहीत. छोटीच्या साडीचे वेगळे पाठवतो.

धुळ्याच्या स्थळाला हो म्हणा, व्हिडिओ कॉल ठेवा. मी बसलेलाच दिसेन, पण कुबड्यांचं आधी सांगून टाका. माय, “सायकलवरून जरा पडला” एवढ्यावर भागवू नको.

तुमचा,
बापू

ता. क. छोटे, सात पावलांचंही गाळ.